उपदेश, उपासना आणि पाळकीय सेवा : प्युरिटन परंपरेतील परस्परसंबंध

प्रस्तावना

प्रॉटेस्टंट पंथाचा परिचय करून देताना लूथर व कॅल्विन यांची धर्मसुधारणा आणि पोपच्या सत्तेला झालेला विरोध यांवर साहजिकच भर दिला जातो. परंतु कोणत्याही धर्मपरंपरेचे खरे स्वरूप तिच्या नित्याच्या आचारात प्रकट होते. बायबल हेच श्रद्धा व आचरण यांचे अंतिम प्रमाण मानणाऱ्या परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाकडे मुख्यतः तीन कामे असतात : शास्त्रवचनावर उपदेश करणे, सामुदायिक उपासना चालविणे आणि मंडळीतील प्रत्येक व्यक्तीच्या आध्यात्मिक जीवनाची काळजी वाहणे. या तिन्हींत उपदेशाला अग्रस्थान आहे. मात्र व्यासपीठावरून केलेला उपदेश श्रोत्यापर्यंत पोहोचला की नाही, हे कसे कळावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने सतराव्या शतकातील इंग्लंडमधील प्युरिटन परंपरेचा आणि तिच्या आधुनिक वारशाचा परामर्श घेतला आहे.

उपासनेची चौकट

१६४३ साली इंग्लंडच्या संसदेने लंडन येथील वेस्टमिन्स्टर येथे धर्मपंडितांची परिषद बोलाविली. या परिषदेने सिद्ध केलेली सार्वजनिक उपासनेची मार्गदर्शिका १६४५ साली जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या जागी लागू करण्यात आली. तिच्यात ठरीव प्रार्थनांचे शब्द नाहीत. उपासनेतील घटक, त्यांचा क्रम आणि प्रार्थनेचे विषय तेवढे दिले आहेत. प्रार्थना, शास्त्रवाचन, स्तोत्रगायन, उपदेश, आशीर्वाद असा तो साधा क्रम आहे. प्रत्येक उपासनेत सामान्यतः जुन्या व नव्या करारांतील एकेक अध्याय वाचावा आणि ज्या ठिकाणी पुष्कळांना वाचता येत नाही तेथे स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून मग ती सर्वांनी गावी, अशा सूचना तिच्यात आहेत.

या साधेपणामागे एक निश्चित तत्त्व आहे. धर्मशास्त्रातील परिचित संज्ञांच्या आधारे सांगावयाचे तर, लूथरपंथीय व अँग्लिकन मंडळ्यांनी 'जे निषिद्ध नाही ते ग्राह्य' ही भूमिका घेतली. प्युरिटनांनी 'जे विहित तेवढेच ग्राह्य' असा आग्रह धरला. त्यामुळे चित्रे, मूर्ती व विधींची शोभा मागे पडली आणि उपासनेचा केंद्रबिंदू वेदीकडून व्यासपीठाकडे सरकला. हा वारसा मराठी भाषकांपर्यंतही पोहोचला. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे याच व्यापक परंपरेतले होते. पुढे नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा देशी साज ख्रिस्ती उपासनेला चढविला, तेव्हा उपासनेत काय ग्राह्य मानावे हा जुनाच प्रश्न नव्या भूमीवर उभा राहिला असे म्हणता येईल.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. याच मार्गदर्शिकेत रुग्णांच्या भेटीविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजेच आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे उपासनेबाहेरचे, ऐच्छिक समाजकार्य नसून त्याच सेवेचा भाग होय, अशी परिषदेची धारणा दिसते.

उपदेश : अर्थ आणि उपयोजन

प्युरिटन उपदेशपद्धतीचा पाया केंब्रिजचे विल्यम पर्किन्स (१५५८–१६०२) यांनी घातला. उपदेशकलेवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १५९२ साली प्रसिद्ध झाला. वचनाचा संदर्भासह अर्थ लावणे, त्यातून सिद्धांत काढणे आणि तो श्रोत्यांच्या जीवनाला लागू करणे असे उपदेशाचे टप्पे त्यांनी सांगितले. व्यासपीठावर लॅटिन-ग्रीक अवतरणांचे प्रदर्शन करू नये, विद्वत्ता असावी पण ती झाकलेली असावी, असे त्यांचे मत होते.

पर्किन्स यांचे खरे वैशिष्ट्य उपयोजनाच्या विचारात आहे. त्यांनी श्रोत्यांचे सात वर्ग कल्पिले. अज्ञानी असून शिकण्यास राजी नसलेले, अज्ञानी पण शिकण्यास उत्सुक असलेले, ज्ञान असूनही नम्र न झालेले, पापाच्या जाणिवेने खचलेले, श्रद्धावान, श्रद्धेपासून ढळलेले आणि या सर्वांचे मिश्रण असलेला समुदाय, असे ते वर्ग होत. एकाच वचनाचा उपयोग प्रत्येकासाठी वेगळा असतो. खचलेल्याला धाक घालणे आणि उद्धटाला दिलासा देणे या दोन्ही गोष्टी घातकच. पण समोर बसलेला श्रोता कोणत्या वर्गातला, हे पाळकाला व्यासपीठावरून कसे कळणार? पर्किन्स यांच्या पद्धतीतच पाळकीय सेवेची गरज अशा रीतीने अनुस्यूत होती.

किडरमिन्स्टरचा प्रयोग

या गरजेला सर्वांत पद्धतशीर उत्तर दिले ते रिचर्ड बॅक्स्टर (१६१५–१६९१) यांनी. विणकरांची वस्ती असलेल्या किडरमिन्स्टर या गावी ते १६४१ साली आले. यादवी युद्धामुळे पडलेला खंड वगळता १६६० पर्यंत त्यांनी तेथे सेवा केली. त्यांच्या उपदेशाला इतकी गर्दी होऊ लागली की चर्चमध्ये पाच सज्जे नव्याने बांधावे लागले.

असे असूनही बॅक्स्टर समाधानी नव्हते. आठ-दहा वर्षे नियमाने उपदेश ऐकणाऱ्या काही व्यक्तींना ख्रिस्ती श्रद्धेची प्राथमिक तत्त्वेही सांगता येत नाहीत, असे त्यांना व्यक्तिगत संभाषणांत आढळले. उलट, वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे साधले नाही ते काहींच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या एकांतातील बोलण्याने साधले, असाही त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी व त्यांच्या साहाय्यकाने सोमवार व मंगळवार हे दोन दिवस कुटुंबांसाठी राखून ठेवले. प्रश्नोत्तरावली आधी घरोघर पोहोचविली जाई. नंतर प्रत्येक कुटुंबाशी सुमारे तासभर बोलणे होई. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे, या हिशेबाने सुमारे आठशे कुटुंबांची फेरी वर्षभरात पूर्ण होत असे. १६५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द रिफॉर्म्ड पास्टर' या ग्रंथात त्यांनी हीच पद्धती मांडली. या शीर्षकातील 'रिफॉर्म्ड' या शब्दाचा अर्थ विशिष्ट पंथाचा नव्हे, तर स्वतः सुधारलेला, जागा झालेला पाळक असा आहे.

बॅक्स्टर यांनी उपदेशाचे महत्त्व कमी केले नाही. घरातील संभाषणामुळे श्रोत्याला उपदेश समजू लागतो आणि उपदेशकाला श्रोता समजू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. वर्गातील व्याख्यान आणि विद्यार्थ्याशी वैयक्तिक चर्चा यांचा संबंध जाणणाऱ्या अध्यापकाला या निष्कर्षाचे मर्म सहज उमगेल.

आधुनिक वारसा आणि मतभेद

विसाव्या शतकात या परंपरेचे प्रभावी प्रतिनिधी म्हणून मार्टिन लॉइड-जोन्स (१८९९–१९८१) यांचा उल्लेख करावा लागेल. लंडनमधील यशस्वी वैद्यकीय कारकीर्द सोडून ते १९२७ साली वेल्समधील ॲबराव्हन येथे पाळक झाले. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये त्यांनी १९६८ पर्यंत सेवा केली. तेथे रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर शुक्रवारी रात्री दिलेली त्यांची व्याख्यानमाला १९५५ पासून १९६८ पर्यंत चालली. उपदेश खरोखर वचननिष्ठ व श्रोत्याला भिडणारा असेल तर अनेक वैयक्तिक समस्या त्यातूनच सुटतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि उपासनेनंतर भेटीस येणाऱ्यांसाठी ते वेळ देत, हेही नमूद केले पाहिजे.

याउलट अमेरिकेतील जे ॲडम्स यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बायबलच्या आधारे समुपदेशन करणे ही पाळकाची स्वतंत्र जबाबदारी मानली. मानसोपचारशास्त्राविषयीच्या त्यांच्या कठोर भूमिकेवर या परंपरेतूनही टीका झाली. मानसिक आजार आणि नैतिक दोष यांतील भेद पाळकाला ओळखता आला नाही, तर सेवेऐवजी अपाय घडण्याचा धोका असतो.

दुसरा धोका अधिकाराचा आहे. अंतःकरणातील गोष्टी ज्याच्यापाशी उघड केल्या जातात, त्याच्या हाती मोठी सत्ता येते. मे २०२२ मध्ये अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांविषयी प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालात, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींकडे नेतृत्वातील काहींनी अनेक वर्षे दुर्लक्ष केल्याचे नमूद झाले. केवळ शुद्ध उपदेश हा अशा गैरवापरावरचा पुरेसा अंकुश नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पाळकावर मंडळीतील वडीलजनांची देखरेख आणि प्रसंगी बाहेरच्या यंत्रणेची चौकशी यांची आवश्यकता यामुळे अधोरेखित होते.

समारोप

उपदेश, उपासना आणि पाळकीय सेवा ही परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तीन सुटी कर्तव्ये नाहीत. उपासना उपदेशाला चौकट देते आणि उपदेश पाळकीय सेवेला आशय पुरवितो. पाळकीय सेवेत या दोहोंची परीक्षा होते. यांपैकी एक दुवा निखळला की व्यासपीठ उंच होते आणि श्रोता दुरावतो. सज्जे भरून वाहत असतानाही माणसांना काय समजले हे पाहण्यासाठी दर आठवड्याला दोन दिवस कुटुंबांशी बोलत बसणाऱ्या बॅक्स्टर यांनी हे ओळखले होते. त्यांच्या प्रयोगाचे महत्त्व आजही कायम आहे, ते या जाणिवेमुळेच.