डीपी का जळते? गणित करून बघा!

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘डीपी जळाली.’ मग हरभऱ्याचं पाणी थांबतं आणि पारावर फक्त चर्चा चालते. डीपी म्हणजे आपलं रोहित्र, ट्रान्सफॉर्मर. ११ हजार व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरवणारं यंत्र. ते किती पंप पेलेल, हे तुम्ही वहीच्या मागच्या पानावर काढू शकता. त्यासाठी इंजिनीअरिंगलाच असायला हवं असं काही नाही!

समजा, पंप ५ एचपीचा आहे. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे पंप काम करतो ३.७३ किलोवॅटचं. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ती वीज घेते ४.६६ किलोवॅट. पण ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात, कारण त्याची वाइंडिंग तापते ती करंटमुळे. म्हणून पॉवर फॅक्टरने भागायचं. तो ०.८ असेल तर एक पंप झाला साधारण ५.८ केव्हीए.

आता डीपी १०० केव्हीएची. ती काठोकाठ भरायची नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं. ८० भागिले ५.८, म्हणजे १३ पंप. चौदाव्याला ‘थांब रे बाबा’ म्हणायचं.

इथे अनेक जण एक चूक करतात. ४१५ व्होल्ट गुणिले ८.१ अँपिअर गुणिले ३! पण ४१५ हे दोन फेजमधलं व्होल्टेज आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये मिळतात २४०. म्हणून ४१५ घेतलं तर १.७३२ ने गुणा, २४० घेतलं तर ३ ने. उत्तर दोन्हीकडे ५.८ केव्हीएच येतं.

हे गणित तिन्ही फेजवर सारखा भार असेल तरच खरं. थ्री-फेज मोटर तो सारखाच घेते. पण घराघरातला सिंगल-फेज भार एकाच फेजवर चढला, तर बेरीज मर्यादेत दिसते आणि ती एक वाइंडिंग मात्र भाजून निघते.

मग उपाय? प्रत्येक पंपाला योग्य कपॅसिटर. पॉवर फॅक्टर ०.९५ झाला की पंप ४.९ केव्हीएवर येतो आणि त्याच डीपीवर १६ पंप चालतात. दुसरा उपाय फुकटचा आहे. स्टार्टरवरचे ‘ऑटो’ काढा. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना सहापट करंट ओढू शकते. लाइट आल्या आल्या १३ मोटरी एकदम उठल्या, तर १३३ अँपिअरच्या डीपीवर क्षणभर सहाशेच्या वर अँपिअर येतात.

या सुट्टीत एवढंच करा. डीपीला हात लावू नका, लांबूनच पाटीवरचा केव्हीए वाचा. शिवारातले पंप मोजा, भागाकार करा आणि ते उत्तर पारावर नेऊन सांगा.