हेरगिरीचे आकाश (लेखांक ५) : वेगवान विमान, उशिराची बातमी

मागच्या लेखांकात खूप उंचावरून उडणाऱ्या यू-टू या अमेरिकी हेर विमानाची कथा आपण स्व्हेर्दलोव्स्कपाशी सोडली होती. १ मे १९६० रोजी तिथे सोव्हिएत क्षेपणास्त्राने वैमानिक गॅरी पॉवर्सचे विमान पाडले, तो कैद झाला आणि नुसत्या उंचीवर भागणार नाही हे सिद्ध झाले. लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांच्याकडे त्यावरचा तोडगा तोवर कागदावर तयार होता : उंचीच्या जोडीला वेग. त्यातून १९६२ मध्ये ए-१२ आणि २२ डिसेंबर १९६४ रोजी एसआर-७१, म्हणजेच ‘ब्लॅकबर्ड’, आकाशात झेपावले. हे विमान १९९० मध्ये निवृत्त झाले, त्याचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते : उपग्रह आले आणि विमान गेले. पण तारखा जुळवून पाहिल्या की हे कारण टिकत नाही. कोरोना या अमेरिकी हेर-उपग्रहाने पहिली छायाचित्रे ऑगस्ट १९६० मध्येच पृथ्वीवर पाठवली होती. एसआर-७१ चे पहिले उड्डाण त्यानंतर चार वर्षांनी झाले. जे आधीपासून होते ते नंतर आलेल्याच्या जाण्याचे कारण कसे ठरेल? खरे कारण कॅमेऱ्यात होते. माझ्या मते ब्लॅकबर्ड शत्रूपुढे हरले नाही, ते फिल्मपायी मागे पडले.

क्षेपणास्त्रे सुधारली म्हणून वेग निरुपयोगी ठरला, हा पहिला आक्षेप. एकूण ३२ एसआर-७१ बांधली गेली. त्यांतली १२ अपघातांत नष्ट झाली, शत्रूच्या हातून एकही नाही. उत्तर व्हिएतनामने त्यांच्यावर क्षेपणास्त्रे सोडली, पण ती पोहोचेपर्यंत विमान पुढे निघून गेलेले असे. २८ जुलै १९७६ रोजी या विमानाने ताशी सुमारे ३,५३० किलोमीटरचा विक्रम नोंदवला. या वेगाची किंमत मात्र जमिनीवरच दिसू लागे. हवेच्या घर्षणाने तापून सांगाडा प्रसरण पावणार म्हणून टायटॅनियमच्या पत्र्यांच्या सांध्यांत फटी राखलेल्या असत आणि धावपट्टीवर उभ्या विमानातून इंधन ठिबकत राही. ते जेपी-७ इंधन इतके थंड स्वभावाचे, की जळत्या काडीनेही पेट घेत नसे. इंजिन सुरू करताना हवा लागताच भडकणारे ट्रायइथाइल बोरेन त्यात सोडावे लागे आणि क्षणभर हिरवट ज्वाळा चमके. उड्डाणानंतर थोड्याच वेळात, बऱ्याचदा, टँकर विमान गाठून टाक्या भरायच्या. एका मोहिमेसाठी अशी अनेक टँकर विमाने वाटेवर ठेवावी लागत. अभियांत्रिकीचे असे धाडस पुन्हा क्वचितच कुणी केले.

आता हेच विमान उतरल्यानंतरचे तास मोजा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेव्हा एसआर-७१ थेट अमेरिकेच्या पूर्व भागातून निघून पश्चिम आशियाच्या रणभूमीवर गेले आणि तसेच परतले. एकेका फेरीला दहा तासांहून अधिक वेळ लागे. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रावरचा काळ त्यात फारच थोडा होता. परतल्यावर कॅमेऱ्यातून फिल्म काढायची, ती धुवायची, वाळवायची, मग प्रकाशाच्या टेबलावर पसरून तज्ज्ञांनी भिंगातून एकेक रणगाडा मोजायचा. रणगाडे तोवर हललेले असत. विमान ध्वनीच्या तिप्पट वेगाने धावले, तरी बातमी टपालाच्याच गतीने आली.

कोरोनालाही हेच दुखणे होते. त्याची फिल्म भरलेली कुपी अंतराळातून खाली सोडली जाई आणि पॅसिफिकवर पॅराशूटने उतरताना विमान तिला आकड्याने अलगद पकडी. ही करामत अद्भुत खरी, पण कुपी भरेपर्यंत थांबावे लागे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. त्या जमवाजमवीची छायाचित्रे विश्लेषकांच्या हाती पडली तेव्हा आक्रमण होऊन गेले होते. डिसेंबर १९७६ मध्ये सुटलेल्या केएच-११ उपग्रहाने ही कोंडी फोडली. त्यात फिल्मच नव्हती. प्रकाशाचे विद्युतसंकेत होत आणि दुसऱ्या उपग्रहामार्फत ते जमिनीवर उतरत. जिमी कार्टर यांनी २० जानेवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासमोर ही छायाचित्रे ठेवली गेली. ब्लॅकबर्डच्या अस्ताची सुरुवात तिथून धरायला हवी. त्याचा प्रचंड खर्च डोळ्यांत सलू लागला तोही त्यानंतर.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की उपग्रहाची कक्षा आधीच ठाऊक असते. विमान मात्र अचानक येते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा भारतानेच दिला. मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांची तयारी करणाऱ्यांनी उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या वेळा सांभाळल्या. जड कामे रात्री उरकली, यंत्रे पहाटेपूर्वी जुन्या जागी नेऊन ठेवली आणि ११ मेच्या स्फोटांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणा चकित झाली. भारतीय हवाई दलानेही १९८१ पासून बरेलीत मिग-२५ ही ध्वनीच्या तिप्पट वेगाकडे झेपावणारी टेहळणी विमाने बाळगली होती. पण तीही २००६ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून भारताचे स्वतःचे टेहळणी उपग्रह कक्षेत होते आणि ढगांतून, अंधारातून पाहणारे रडार उपग्रह जगात रूढ होत होते. एकाच उपग्रहाची वेळ चुकवता येते. डझनावारी उपग्रह फिरू लागले की लपायला उसंत उरत नाही.

उरलेली अचानकता ग्लोबल हॉकसारख्या वैमानिकरहित विमानांनी भरून काढली. ती मंद आहेत, पाडता येतात. जून २०१९ मध्ये इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ असे एक पाडलेही. मात्र त्यात पॉवर्ससारखा कैदी कुणाच्या हाती लागला नाही. शिवाय तीस तासांहून अधिक वेळ घिरट्या घालत असे विमान चित्रे सतत पाठवू शकते. ब्लॅकबर्डला एक जागा दिसे ती काही क्षणच.

वेगापेक्षा संपर्क निर्णायक ठरला, याचा सर्वांत बोलका दाखला ब्लॅकबर्डच्याच घरात सापडतो. १९९५ मध्ये काही एसआर-७१ पुन्हा सेवेत आणली गेली, तेव्हा रडारची चित्रे उडता उडता जमिनीवर पाठवणारी यंत्रणा त्यांच्यावर बसवण्यात आली. उणीव नेमकी कुठे होती, हे हवाई दलाने त्यातून मान्यच केले. उपाय उशिरा झाला होता. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यासाठीचा निधी कापला. आणि ज्या यू-टूची जागा घ्यायला हे सारे उभे राहिले, ते १९५५ साली प्रथम उडालेले, पॉवर्ससह कोसळलेले संथ विमान, उपग्रहांशी जोडलेली संदेशवहन यंत्रणा लाभल्यामुळे ब्लॅकबर्डनंतरही तीन दशके उडत राहिले.