कासवाच्या पाठीवरचा संकेत

२५ जानेवारी २०२२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर, अंडी घालून परतणाऱ्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारे छोटे यंत्र चिकटवण्यात आले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. तिच्यानंतर सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी, तर २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरहून बागेश्री आणि गुहा समुद्रात गेल्या. या माद्यांच्या प्रवासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, वर्गांतही त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. म्हणूनच हे यंत्र नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा उलगडा करावासा वाटतो.

या यंत्राला आपण सरसकट ‘जीपीएस’ म्हणतो. मात्र मोबाइलच्या जीपीएसमध्ये उपग्रह बोलतात आणि फोन ऐकतो. सागरी कासवांसाठी बहुधा वापरल्या जाणाऱ्या, १९७८ पासून चालू असलेल्या आर्गोस पद्धतीत याच्या उलट घडते: यंत्र बोलते आणि सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह ऐकतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते आणि ती पुढे निघून गेली की स्वर उतरतो. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना त्याला मिळणाऱ्या संकेताची वारंवारिताही अशीच बदलते. त्या बदलावरून कासवाचे स्थान गणिताने काढले जाते.

खाऱ्या पाण्यातून हा संकेत बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे कासव श्वास घ्यायला वर आले, पाठ पाण्याबाहेर आली आणि त्याच वेळी उपग्रह डोक्यावर असला, तरच गाठ पडते. चांगल्या संकेतात चूक अडीचशे मीटरच्या आत राहते, तर कमकुवत संकेतात ती दीड किलोमीटरहून अधिक असू शकते. नकाशावर एखादा ठिपका जमिनीवर उमटला म्हणून कासव गावात शिरले असे होत नाही. अभ्यासक असे ठिपके गाळतात. ठिपक्यांना जोडणारी रेषा तर आपण ओढलेली असते. मधल्या वेळात कासव कुठे होते, हे ती सांगत नाही.

पुढे कधीतरी संकेत थांबतात. अशा वेळी ‘अमुक कासव बेपत्ता’ असा मथळा येतो आणि मुले विचारतात, ‘ती मेली का?’ मृत्यू हे एक कारण असू शकते. जाळ्यात अडकून कासवे मरतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे. पण यंत्राची विजेरी संपते, त्यावर शेवाळ आणि शंखशिंपले चढतात, अँटेना तुटते, कवचावरून यंत्र गळूनही पडते. म्हणून ‘संकेत थांबले’ एवढेच लिहावे. ‘बेपत्ता’ या शब्दात नसलेली माहिती शिरते.

दुसरी सावधगिरी नावांची. बागेश्री दक्षिणेला जाऊन, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पूर्वेकडच्या समुद्रातही जाते, हे त्यामुळे नकाशावर दिसले. मात्र ‘आपली कासवे श्रीलंकेला जातात’ हे वाक्य त्यातून निघत नाही, कारण एक मादी म्हणजे सगळी जात नव्हे. नावामुळे जिव्हाळा वाटतो आणि तो हवाच. गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या किनाऱ्यांवरची घरटी राखायला लोक पुढे येतात, ते अशाच जिव्हाळ्यातून. पण विद्यार्थ्याला प्रवासाचा नकाशा दाखवताना ठिपके किती, रेषा कोणी ओढली आणि कासवे किती, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.