फाइल कोणती, ओळ कोणती? कॉन्फिगच्या चुकांचा मागोवा, १९७६ ते २०२५

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये 'मेक' लिहिलं ते रोजचा एक वैताग संपवण्यासाठी. मोठ्या प्रोग्रामच्या ढीगभर फायलींपैकी कोणत्या बदलल्या आणि कोणत्या पुन्हा कंपाइल करायच्या, हे माणसाने डोक्यात ठेवायचं नाही, 'मेकफाइल' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायचं. कल्पना इतकी चांगली होती की ती आजही वापरात आहे. सोबत एक अटही आली: नियमाखालच्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. टॅब आणि आठ स्पेस पडद्यावर सारख्याच दिसतात, त्यामुळे नुसतं बघून चूक सापडत नाही. ही अट जाचक आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.

पुढे मेकची जीएनयू आवृत्ती आली. टॅब चुकला की ती ओळीचा क्रमांक देऊन 'सेपरेटर नाही' एवढंच सांगायची. नंतर त्या संदेशाला कंसात एक प्रश्न जोडला गेला: आठ स्पेसऐवजी टॅब द्यायचा होता का? अट तीच राहिली, चूकही तीच राहिली. पण तो प्रश्न वाचला की काम मिनिटभराचं होतं. कॉन्फिग आणि रिसोर्स फायलींच्या जवळजवळ पन्नास वर्षांकडे मागे वळून पाहताना मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. चुका थांबल्या नाहीत आणि थांबणारही नाहीत. पुढे पाऊल पडलं ते यंत्राने 'फाइल कोणती, ओळ कोणती, हवं होतं काय' हे सांगायला सुरुवात केली तिथे. जिथे ते सांगत नाही, तिथे आजही माणसं रात्र रात्र जागतात.

डॉसची फाइल ते रजिस्ट्री

१९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'कॉन्फिग डॉट सिस' आली. एका वेळी किती फायली उघडता येतील, कोणता ड्रायव्हर मेमरीत चढवायचा, हे सगळं त्या दहा-वीस ओळींत. एखादी ओळ बिघडली तर कधी कधी संगणक सुरूच व्हायचा नाही, आणि सुरू झाल्याशिवाय फाइल दुरुस्त करता यायची नाही. म्हणून प्रत्येक लॅबच्या खणात बूट फ्लॉपी असायची. १९९३च्या डॉस ६ने यावर सुंदर उपाय दिला. सुरू होताना एफ-८ दाबलं की संगणक एकेक ओळ दाखवायचा आणि ती चालवू का, असं विचारायचा. ज्या ओळीला 'हो' म्हटल्यावर यंत्र अडकलं, ती दोषी. ओळी बंद करत करत दोष कोपऱ्यात गाठायची ही रीत आजही कुठल्याही कॉन्फिगला लागू पडते.

विंडोजने आधी 'इनि' फायली वापरल्या. चौकटी कंसात विभागाचं नाव, खाली नाव-बरोबर-किंमत अशा ओळी. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, बदलण्याआधी एक प्रत बाजूला ठेवा. प्रत्येक प्रोग्रामची फाइल वेगळी आणि ती ठेवायची कुठे याला शिस्त नाही, ही त्यातली अडचण. विंडोज ९५ने सगळं गोळा करून रजिस्ट्रीत ठेवलं. माहिती एका जागी आली, प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी ठेवता आली. पण साध्या डोळ्यांनी वाचता येणारी, कॉपी करता येणारी, कालच्या प्रतीशी ताडून पाहता येणारी फाइल हातची गेली. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा मोठा होता. पुढच्या काळात बहुतेक नव्या साधनांनी पुन्हा साध्या मजकुराच्या फायलीच निवडल्या, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

२००१च्या विंडोज एक्सपीने डीएलएलच्या आवृत्त्यांची भांडणं मिटवण्यासाठी मॅनिफेस्ट फायली आणल्या. हेतू चांगला होता. पण मॅनिफेस्टमध्ये काही चुकलं की संदेश यायचा तो असा: ॲप्लिकेशनची रचना चुकीची असल्यामुळे ते सुरू होऊ शकलं नाही, पुन्हा इन्स्टॉल केल्यास कदाचित चालेल. कोणती रचना, कोणती फाइल, कोणता घटक सापडला नाही, याचा पत्ता नाही. असंख्य लोकांनी तेच सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केलं.

या काळात खरी मदत केली ती मार्क रसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिसइंटरनल्सच्या साधनांनी, आधी फाइलमॉन आणि २००६पासून प्रोसेस मॉनिटर. प्रोग्राम कोणती फाइल कुठे शोधतोय, याची ओळीमागून ओळ पडद्यावर सरकत जाते. 'नाव सापडलं नाही' असा निकाल असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या की उलगडा होतो: आपण दुरुस्त करत बसलो ती फाइल एका फोल्डरमध्ये, आणि प्रोग्राम वाचतोय भलत्याच फोल्डरमधली. कॉन्फिगच्या तक्रारीत पहिला प्रश्न 'फाइलीत काय चुकलं' हा नसतो. 'प्रोग्राम नेमकी कोणती फाइल वाचतोय' हा असतो.

मराठी अक्षरांचा वनवास

रिसोर्स फायलींचा इतिहास मराठीला जवळून भिडतो. जावाने १९९७ साली १.१ आवृत्तीत रिसोर्स बंडलची सोय दिली. पडद्यावरचा मजकूर प्रोग्राममध्ये लिहायचा नाही, प्रत्येक भाषेच्या वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलीत ठेवायचा. मराठीसाठी फाइलीच्या नावात 'एमआर' जोडायचं, बस्स. अडचण फाइलीच्या आत होती. या फायली लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय संकेतानुसार वाचल्या जात, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही.

'मराठी' हा शब्द युनिकोडमध्ये पाच घटकांचा: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. तेच पंधरा बाइट लॅटिन-१ समजून वाचले तर प्रत्येक घटकाच्या जागी आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए येतो, त्याच्यामागे चलनाचं एक चिन्ह, आणि मग आणखी एक भलतंच किंवा अदृश्य चिन्ह. शेवटच्या वेलांटीत तर चक्क जपानी येनची खूण उमटते. ही नक्षी ज्याने एकदा ओळखली, तो पुढे कधी फाँटला दोष देत नाही. अक्षरं शाबूत असतात, ती वाचण्याचा संकेत चुकलेला असतो.

त्या काळातला उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा चार अंकी युनिकोड संकेत लिहायचा. त्यासाठी जावासोबत एक वेगळं साधनच मिळायचं. त्याने काम भागे, पण फाइल उघडल्यावर मराठी दिसत नसे, दिसत ते नुसते संकेत. वेलांटी ऱ्हस्व पडली की दीर्घ, हे भाषांतर तपासणाऱ्याला वाचताच येत नसे. ज्या फाइलीत भाषा आहे ती भाषा जाणणाऱ्यालाच वाचता येऊ नये, ही अवस्था वीस वर्षं टिकली. २०१७ साली जावा ९ने या बंडलांसाठी यूटीएफ-८ हा मूळ संकेत केला, तेव्हा ती संपली.

यूटीएफ-८मध्येही एक काटा होताच. विंडोजचं नोटपॅड अशी फाइल जतन करताना सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकायचं. लक्षण ठरलेलं: फाइलीतली पहिलीच नोंद सापडत नाही, बाकी सगळ्या नीट चालतात. २०१९च्या विंडोज १० सुधारणेपासून नोटपॅडने ती सवय सोडली. तरी जुनी फाइल हाती आली आणि पहिलीच ओळ रुसली, की आधी बाइट तपासावेत.

२०१४च्या अँड्रॉइड ५मध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. तिथे एखादं वाक्य मराठीच्या फोल्डरमध्ये नसेल तर प्रोग्राम कोसळत नाही, मूळ भाषेतलं, बहुधा इंग्रजी, वाक्य दाखवतो. वरवर ही सोय आहे. पण तिच्यामुळे चूक कोणाच्या नजरेलाच येत नाही. बँकेचं ॲप मराठीत सुरू होतं आणि नेमकी पैसे अडकल्याची सूचना इंग्रजीत येते. एररचा पत्ता नाही, लॉगमध्ये ओळ नाही, टीमला खबर नाही; कळतं ते फक्त गावाकडच्या खातेदाराला. प्रोग्राम बंद पडला असता तर कोणीतरी दुरुस्त केला असता. मुक्याने झालेली चूक वर्षानुवर्षं राहते, आणि ती सोसावी लागते ती मराठीतच वाचणाऱ्यांना.

व्याकरण शुद्ध, अर्थ घातक

१९९८ साली एक्सएमएल प्रमाणित झालं. त्याचा दंडक कडक: एक खूण बंद करायची राहिली तर पूर्ण फाइल नामंजूर. लिहायला ते जड, पण चूक लगेच उघडी पडे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये वेब कॉन्फिग बिघडली तर पडद्यावर फाइलीचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ लाल रंगात दिसे. संदेश कसा असावा याचा तो चांगला नमुना होता.

लोक एक्सएमएलच्या पाल्हाळाला कंटाळले आणि जेसन व यॅमल या सुटसुटीत पद्धतींकडे वळले. जेसनमध्ये टिपण लिहायला जागा नाही, त्यामुळे ही किंमत अशी का ठेवली हे पुढच्या माणसाला कळत नाही. यॅमलमध्ये तर रचना समासावर ठरते, आणि समासात टॅब चालत नाही; म्हणजे मेकच्या बरोबर उलट. त्याच्या १.१ आवृत्तीत 'नो' या शब्दाचा अर्थ 'असत्य' असा घेतला जाई. देशांच्या संकेतांची यादी केली की नॉर्वेचा 'एनओ' गायब होऊन तिथे 'असत्य' येई. २००९च्या १.२ आवृत्तीने हे बदललं, पण जुन्या नियमाने चालणारी साधनं अजून वापरात आहेत. इथे चूक नव्या जातीची होती. फाइल व्याकरणाने शुद्ध, वाचणाऱ्या प्रोग्रामची तक्रार नाही, आणि अर्थ मात्र भलता.

२००९ याच वर्षी ही जात जगाला मोठ्या प्रमाणावर दिसली. ३१ जानेवारीला गुगलच्या धोकादायक साइटींच्या यादीत नुसती एक तिरकी रेघ शिरली. ती रेघ प्रत्येक वेब-पत्त्यात असतेच, त्यामुळे सुमारे चाळीस मिनिटं गुगलने शोधाच्या प्रत्येक निकालाला 'ही साइट संगणकाला अपाय करू शकते' असं लेबल लावलं. १२ ऑक्टोबरला स्वीडनच्या 'डॉट एसई' नावांच्या फाइलीत शेवटचा पूर्णबिंदू टाकायचा राहिला. त्या बिंदूशिवाय नाव अपुरं धरलं जातं आणि 'एसई' पुन्हा एकदा जोडलं जातं. सुमारे नऊ लाख नावांचा पत्ता लागेना. दोन्ही फायली नियमाने लिहिलेल्या होत्या. कमी पडला तो साधा प्रश्न: या बदलाने सगळंच अडणार असेल, तर तो स्वीकारायचा का?

दोन वर्षं, एकच धडा

१९ जुलै २०२४ला भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. हा प्रोग्राम नव्हता, धोके ओळखण्याच्या नियमांची फाइल होती. नव्या नमुन्यात एकवीस रकाने होते, संगणकातला प्रोग्राम वीसच पुरवत होता. आधीच्या फायलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने फरक कधी जाणवला नव्हता. या वेळी तिथे खरी अट आली, प्रोग्रामने नसलेला रकाना वाचायला हात घातला आणि विंडोज कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण पडलेला संगणक नवी फाइल घेणार कसा? सेफ मोडमध्ये जाऊन एकेका मशीनवरून ती फाइल हाताने पुसावी लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीचा प्रोग्राम टप्प्याटप्प्याने ग्राहकांकडे जात असे. नियमांची फाइल मात्र एकदम सगळ्यांना गेली, कारण ती 'फक्त माहिती' होती.

१८ नोव्हेंबर २०२५ला वेबसाइटींची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरचं तसंच झालं. डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे एका प्रश्नाचं उत्तर दुबार येऊ लागलं आणि बॉट ओळखणारी फाइल दुप्पट झाली. प्रोग्रामने कमाल २०० नोंदी गृहीत धरल्या होत्या. मर्यादा ओलांडली आणि तो कोसळला. फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनायची, कधी चांगली, कधी वाईट; त्यामुळे यंत्रणा मधेच सावरायची आणि पुन्हा पडायची. सुरुवातीला टीमला वाटलं, बाहेरून हल्ला झालाय. स्वतःच्याच फाइलीवर संशय उशिरा गेला.

हा उशीरच मला सर्वांत बोलका वाटतो. प्रोग्रामवर आपण टेस्ट लिहितो, दुसऱ्याकडून वाचून घेतो, आधी थोड्या मशीनवर चालवून बघतो. फाइल बदलली तर 'फक्त कॉन्फिग बदललंय' म्हणून ती तशीच प्रॉडक्शनला जाते. जी गोष्ट तपासली नाही, तिच्यावर संशयही शेवटी जातो.

उपाय माहीत आहेत आणि बरेचसे जुने आहेत. युनिक्सचं 'विसुडो' चुकलेली फाइल जतन करण्याआधी अडवतं. एनजिनएक्सला सुरू न करता नुसती कॉन्फिग तपासायला सांगता येतं. गिटमध्ये फाइल असेल तर कालची आणि आजची प्रत शेजारी ठेवून काय बदललं ते लगेच दिसतं. नवी फाइल वाचता आली नाही तर आधीच्या चांगल्या फाइलीवर काम चालू ठेवावं आणि तसं मोठ्याने सांगावं. आणि मराठीच्या फाइलीत एक जरी वाक्य कमी असेल तरी बिल्ड फुटलाच पाहिजे, त्या वाक्याचं नाव सांगून. इंग्रजीतलं वाक्य राहिलं तर कोणतीही टीम रिलीज थांबवते. मराठीसाठीही ते थांबवावं, एवढी मागणी मराठी प्रोग्रामरांनी आपापल्या टीममध्ये लावून धरायला हवी, कारण ती दुसरं कोणी करणार नाही.