उत्पादक कंपनी
उत्पादक कंपनी : शेतमाल किंवा इतर प्राथमिक उत्पादन करणाऱ्यांनी स्वतःच्या मालकीने स्थापन केलेली नोंदणीकृत कंपनी. १९५६ च्या कंपनी अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने तिला भारतात कायदेशीर रूप मिळाले. २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी २०१३ च्या अधिनियमात समाविष्ट झाल्या. किमान १० उत्पादक किंवा २ उत्पादक संस्था मिळून ती स्थापन करू शकतात.

कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या चांदूर रेल्वेसारख्या (अमरावती जिल्हा) तालुक्यात अशा नवोदित कंपनीची कसोटी सुगीत लागते. सभासद माल आधी देतो. संचालक मंडळ ठरवील तेवढी किंमत त्यास प्रथम मिळते व राखून ठेवलेली रक्कम नंतर रोख, वस्तुरूपाने वा शेअरच्या रूपाने देता येते. त्यामुळे अल्प भांडवलाच्या कंपनीचे खरे बळ सभासदांचा विश्वास हेच असते. मात्र संचालक व सभासद एकाच पंचक्रोशीतील असल्यास हिशेब विचारण्यास संकोच वाटतो. म्हणूनच केवळ नेत्याच्या सचोटीवर भिस्त न ठेवता अधिनियमाने अधिकार व उत्तरदायित्व यांची वाटणी केली आहे.

नोंदणीपासून ९० दिवसांत संचालकांची निवडणूक व पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. संचालक ५ ते १५ असतात. सर्व सभासद व्यक्ती असल्यास, शेअर कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असते. धोरण संचालक मंडळ ठरविते. दैनंदिन कारभार पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. हा अधिकारी सभासदांपैकी नसावा, असे बंधन आहे. हिशेब ठेवणे व लेखापरीक्षित हिशेब मंडळापुढे व वार्षिक सभेपुढे मांडणे ही त्याची जबाबदारी होय. संचालकास किंवा त्याच्या नातेवाइकास कर्ज द्यावयाचे झाल्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. अधिनियमाचा भंग करणाऱ्या ठरावास मत देणारे संचालक त्यामुळे झालेल्या हानीस संयुक्तपणे व वैयक्तिक रीत्याही जबाबदार असतात.

तथापि नियमांची परिणामकारकता सभासदांच्या जागरूकतेवर अवलंबून असते. सभा ओस पडल्या, तर मंडळास जाब विचारणारे कोणी उरत नाही. उलट खरेदीच्या वेळी वजन, ओलावा व प्रत यांची नोंद सभासदासमक्ष करून पावती दिल्यास पुढील अनेक वाद टळतात. संघटना नवी असताना रूढ झालेल्या अशा प्रथाच तिच्या नेतृत्वास पुढे मर्यादेत ठेवतात.