संगणकनियंत्रित ब्रेक आणि उत्पादकाचे दायित्व : २०१० सालच्या प्रियस 'रिकॉल' प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विकलेले वाहन सदोष आढळल्यास उत्पादकाने ते परत मागवून विनामूल्य दुरुस्त करून द्यावे, या व्यवस्थेस व्यवहारात 'रिकॉल' असे म्हटले जाते. यंत्राचा एखादा भाग तुटत असेल, झिजत असेल अथवा गळत असेल, तर दोष कोठे आहे हे दाखविता येते. तुटलेला भाग टेबलावर ठेवता येतो. परंतु ब्रेकचे नियंत्रण जेव्हा संगणकाकडे जाते, तेव्हा सर्व भाग धडधाकट असूनही वाहन चालकाच्या अपेक्षेप्रमाणे थांबत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. अशा वेळी 'दोष' कशाला म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. टोयोटा या जपानी कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये प्रियस व अन्य संमिश्र-इंधन मोटारींबाबत केलेला रिकॉल हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप उलगडून दाखविले आहे.

ब्रेकची दुहेरी रचना

सामान्य मोटारीत चालकाने पायपट्टीवर दिलेला दाब द्रवाच्या साहाय्याने चाकांपर्यंत पोहोचतो आणि घर्षणाने चाक मंदावते. मोटारीच्या गतीतील सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रियसमध्ये ही ऊर्जा वाचविण्याची योजना आहे. वेग कमी करताना तिची विद्युत मोटार जनित्राचे काम करते. चाकाची गती विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत साठते आणि या रूपांतराचा जो विरोध चाकाला जाणवतो, तोच ब्रेकचे काम करतो. यास पुनर्निर्माणक्षम ब्रेक म्हणता येईल. मात्र तो एकटा पुरेसा नसतो, म्हणून त्याच्या जोडीला घर्षणाचा द्रवदाबी ब्रेक ठेवावाच लागतो. चालकाने पायपट्टी दाबली की संवेदक तो दाब मोजतात, एकूण किती रोध हवा आहे हे संगणक ठरवितो आणि त्यातील किती वाटा विजेने उचलावा व किती घर्षणाने, याची वाटणी क्षणोक्षणी करतो. चालकाला यातील काहीही कळत नाही, आणि ते कळू नये हेच या रचनेचे कौशल्य मानले जाते. पाऊल एक, ब्रेक दोन!

यात तिसऱ्या यंत्रणेची भर पडते. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास चाक जागीच थिजते आणि मोटार घसरू लागते. हे टाळण्यासाठी चाकावरील दाब सेकंदाला अनेक वेळा सोडणारी व पुन्हा देणारी 'एबीएस' ही प्रणाली १९७८ पासून मोटारींमध्ये येऊ लागली. प्रियसमध्ये ही प्रणाली जागी झाली, की विजेचा रोध बाजूला सारून सारा कारभार द्रवदाबी ब्रेककडे सोपविला जाई. तक्रारींचे मूळ या हस्तांतरणाच्या क्षणात होते.

दोषाचे स्वरूप

तिसऱ्या पिढीची प्रियस मे २००९ मध्ये जपानमध्ये बाजारात आली आणि त्या वर्षी तेथील सर्वाधिक विक्री झालेली मोटार ठरली. काही महिन्यांतच चालकांकडून एक विशिष्ट तक्रार येऊ लागली. खाचखळग्यांच्या अथवा बर्फाळ रस्त्यावर, सावकाश व एकसारख्या दाबाने ब्रेक लावीत असता, मोटार क्षणभर ब्रेक सोडून पुढे सरकल्यासारखी वाटे. एबीएस कार्यान्वित झाल्यावर, पायाचा दाब तसाच राहिला तरी मिळणारा रोध चालकाच्या अपेक्षेपेक्षा कमी पडत असे. पाय अधिक जोराने दाबल्यास मोटार थांबत होती, हेही खरे. ब्रेक निकामी झालेला नव्हता.

तथापि 'क्षणभर' या शब्दाचे मोल रस्त्यावर मोजावे लागते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर अंतर कापते, म्हणजे अर्ध्या सेकंदात ५ मीटर. पादचाऱ्यांसाठी आखलेला पट्टा आणि त्याच्या अलीकडे थांबलेली मोटार यांतील अंतर बहुधा याहून कमीच असते. शिवाय पुढे सरकल्याची जाणीव झालेला चालक अधिक जोराने पाय दाबील, हे गृहीत धरता येत नाही. गोंधळलेला मनुष्य काही वेळा पाय उचलतोही.

'जाणीव' की 'दोष'?

प्रकरणाचा खरा गाभा येथे आहे. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या प्रियस मोटारींची एबीएस आज्ञावली बदलली. मात्र त्यापूर्वी विकल्या गेलेल्या मोटारींच्या मालकांना त्याबाबत काही कळविण्यात आले नव्हते. ४ फेब्रुवारी रोजी कंपनीचे गुणवत्ता विभागाचे अधिकारी हिरोयुकी योकोयामा यांनी पत्रकारांसमोर हा विषय चालकाच्या जाणिवेशी संबंधित असल्याचे प्रतिपादन केले. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १२४ तक्रारींच्या आधारे औपचारिक चौकशी सुरू केली. त्यांपैकी ४ तक्रारींत अपघात झाल्याचा आरोप होता. जपानचे तत्कालीन परिवहनमंत्री सेइजी माएहारा यांनी कंपनीच्या भूमिकेत ग्राहकाच्या दृष्टीचा अभाव असल्याची टीका केली.

अभियंत्याच्या बाजूने पाहिल्यास योकोयामा यांचे म्हणणे निराधार नव्हते. आज्ञावली तिला सांगितलेले काम तंतोतंत करीत होती. कोणताही भाग तुटला नव्हता. परंतु हा युक्तिवाद एक गोष्ट दृष्टिआड करतो. ब्रेक ही मनुष्य आणि यंत्र यांच्यामधील एक बोली आहे. इतका दाब दिला की इतका रोध मिळेल, हा करार चालकाच्या पायाला वर्षानुवर्षांच्या सवयीने पाठ झालेला असतो. तो करार यंत्राने पूर्वसूचनेविना मोडला, तर त्यास चालकाचा केवळ भास म्हणणे उचित ठरत नाही. आणि जी उणीव नव्या मोटारींत दुरुस्त करण्याइतकी खरी होती, ती जुन्या मोटारींच्या मालकांपुरती निव्वळ जाणीव कशी ठरते, याचे समाधानकारक उत्तर कंपनीच्या प्रारंभीच्या निवेदनांत सापडत नाही.

जपानी व्यवस्थेत अशा प्रसंगी तीन मार्ग संभवतात : सुरक्षा-मानकांचा भंग होत असल्यास रिकॉल, मानकांचा भंग नसला तरी सुरक्षेला गंभीर बाधा असल्यास सुधारणा-उपाय, आणि निव्वळ गुणवत्तेचा प्रश्न असल्यास सेवा-मोहीम. नामकरणाचा हा वाद वरकरणी कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात मालकाला पत्र किती गांभीर्याने लिहिले जाईल, हे त्यावर अवलंबून असते. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी टोयोटाने रिकॉलचाच मार्ग पत्करला. जगभरातील सुमारे ४ लाख ३७ हजार मोटारी त्यात समाविष्ट होत्या. त्यांपैकी सुमारे २ लाख २३ हजार जपानमधील होत्या, तर अमेरिकेतील सुमारे १ लाख ३३ हजार प्रियस आणि १४ हजार ५०० लेक्सस एचएस २५०एच होत्या. उपाय मात्र अगदी साधा होता : अधिकृत कार्यशाळेत मोटार नेऊन संगणकातील आज्ञावली बदलून घेणे. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही.

त्या काळात टोयोटा वेगवर्धक पायपट्टीच्या प्रकरणातही अडकलेली होती आणि कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना २४ फेब्रुवारी रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष द्यावी लागली. दोन्ही प्रकरणे वृत्तपत्रांनी एकत्र गुंफली. तांत्रिकदृष्ट्या ती भिन्न होती. पुढे जून २०१३ मध्ये प्रियस व लेक्सस मिळून सुमारे २ लाख ४२ हजार मोटारी पुन्हा ब्रेकसाठीच परत मागविण्यात आल्या. त्या वेळी मात्र कारण द्रवदाब साठविणाऱ्या भागातील बिघाडाचे होते. ते टेबलावर ठेवून दाखविता येण्याजोगे होते, आणि त्यावर 'जाणीव' या शब्दाची चर्चा झाली नाही.

भारतीय कायद्याची स्थिती

अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा १९६६ पासून आहे. भारतात मात्र २०१० साली रिकॉलसंबंधी कोणतीही वैधानिक तरतूद नव्हती. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा-संहिता स्वीकारली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि तत्संबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू होतात, आणि सक्तीने रिकॉल करावा लागल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. स्वतःहून दोष जाहीर करणाऱ्या उत्पादकाला दंडातून सूट आहे, ही तरतूद विशेष अर्थपूर्ण होय. ती मौन बाळगण्यापेक्षा बोलणे उत्पादकाला किफायतशीर ठरविते.

कलम ११०-अ नुसार दोषाची माहिती ठरावीक प्रमाणातील मालकांकडून, चाचणी संस्थेकडून अथवा अन्य मार्गाने केंद्र शासनापर्यंत पोहोचू शकते. पुण्यातील 'एआरएआय' ही अशा चाचणी संस्थांपैकी एक आहे. प्रियससारख्या प्रकरणात मालकांच्या तक्रारींचा मार्ग सर्वांत दुबळा ठरण्याचा संभव आहे. एबीएस भारतातील सर्व नव्या मोटारींत २०१९ पासून अनिवार्य झाले; तोवर बहुसंख्य चालकांच्या पायाला त्याची सवयच नव्हती. एबीएस चालू असताना पायपट्टी थरथरते, हा दोष नसून त्या प्रणालीचा धर्म आहे, हे ज्याला ठाऊक नाही, तो चालक खऱ्या दोषाची तक्रार करण्याऐवजी पाय नीट पडला नसेल असे समजून स्वतःलाच बोल लावील.