अ‍ॅडजस्ट सायकलीने व्हायचं!

आमच्या अंगणात दोन वर्षं एक तीनचाकी सायकल उभी होती. कोरी करकरीत. शिबिरातून धाकट्या नणंदेला मिळालेली. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय अधू आहेत, पण हात असे चपळ की साडीला फॉल-पिको करून द्यावा तर तिनेच. सायकल आली त्या दिवशी घरात पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात ती बाजारापर्यंत जाऊन आली आणि रात्रभर खांदे धरून बसली. मग हळूहळू सायकल बाजूला पडली. उन्हाळ्यात तिच्यावर गोधड्या वाळायला लागल्या. "तिला नाही जमत," असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. खरं सांगते, मीही.

तालुक्याच्या गावी दुसऱ्याच कामासाठी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो होतो. बोलता बोलता सायकलीचा विषय निघाला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला हातानेच थांबवलं आणि नणंदेला विचारलं, "तुम्हाला नेमकं कुठे दुखतं? कधी दुखतं?" दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता!

ती म्हणाली, "पायडल पुढे गेलं की मला वाकावं लागतं. पाठ टेकतच नाही. आणि पाय लोंबकळतात." बाई हसून म्हणाल्या, "मग तुम्हाला जमत नाही असं कसं? सायकल तुमच्या मापाची नाही, एवढंच."

मैत्रिणींनो, ब्लाऊज शिवताना आपण अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तरी उसवून घेतो. मग दिवसभर बसायच्या, हातांनी ओढायच्या सायकलीचं माप कधी बघतो का? अपंगांना साधनं देण्याची केंद्र सरकारची 'एडिप' योजना 1981 पासून आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर त्यातून तीनचाकी मिळू शकते. कानपूरचा 'अ‍ॅलिम्को' हा सरकारी कारखाना तर 1972 मध्ये स्थापन झाला. पण सायकली ठरावीक मापात बनतात आणि माणसं काही ठरावीक मापाची नसतात. उंच पुरुषाला बरी पडणारी बैठक पावणेपाच फुटी बाईला कशी पुरणार? सायकल घरी आल्यावर खरं काम सुरू होतं, ते असं.

आधी बैठक. कंबर अगदी मागे टेकवून बसायचं. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा हवी. बैठक खोल असेल तर बाई पुढे घसरून बसते आणि पाठीला बाक येतो. अशा वेळी पाठीमागे घट्ट उशी बांधायची. मऊ उशी नको, ती दबते.

मग पाय. पाय लोंबकळत असतील तर मांडीखाली बैठकीची कड रुतते, पायाला मुंग्या येतात. पावलाखाली लाकडी फळी ठोकली की काम होतं. फळी फार उंच झाली तर गुडघे वर येतात आणि सगळा भार बुडावर पडतो. मांडी बैठकीवर सपाट टेकली की उंची बरोबर. पाय आपोआप घसरत असेल तर सॅंडलला असते तशी चिकटपट्टी लावून घ्यायची, म्हणजे पाय चाकात जाणार नाही.

आता हाताचं पायडल. खांदेदुखीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. पायडल सगळ्यात लांब गेलं तेव्हाही पाठ टेकलेली हवी आणि कोपर किंचित वाकलेलं हवं. वर आलं तेव्हा हात खांद्याच्या वर जायला नको, जवळ आलं तेव्हा पोटाला लागायला नको. नाहीतर बैठक पुढे-मागे सरकवायची. बोल्टला जागा नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून भोक पाडून घ्यायचं. पायडलचा दांडाच हलवला तर साखळीही कमी-जास्त करावी लागते, ते सायकलवाल्याला आठवणीने सांगायचं.

गादीची परीक्षा सोपी आहे. बाई बसली असताना गादीखाली तळहात सरकवून बघा. बुडाची हाडं हाताला टोचली तर गादी संपली, बदला. काही घरांत सायकलच्या ट्यूबची चुंबळ करून बसायला देतात. ते नको. त्या कडेने रक्त अडतं. माझ्या नणंदेला स्पर्श कळतो, त्यामुळे टोचलं की ती हलते. पण कण्याला मार बसून संवेदना गेली असेल तर दुखणं कळतच नाही आणि जखम होते. अशांनी पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन बूड उचलायचं किंवा एका कडेला झुकायचं. रोज रात्री आरसा धरून कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि आपल्या बायकांची खास गोष्ट म्हणजे पदर आणि ओढणी. साखळीवर झाकण नसेल तर पहिल्यांदा ते बसवून घ्या. चढता-उतरताना चाक ब्रेकने बांधलेलं हवं.

एका वेळी एकच बदल करायचा. दोन-तीन दिवस चालवून बघायचं, मग पुढचा. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे.

आमच्याकडे एक फळी, पाठीमागची उशी आणि दोन नवी भोकं एवढ्यावर भागलं. फळी तर जुन्या पाटाचीच. सायकलवाल्याच्या दुकानात तिने स्वतः बसून "अजून बोटभर पुढे" असं सांगितलं. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मला काय विचारता? बसायचंय तिला."

जन्मभर आपण ऐकत आलो, बाईने जरा अ‍ॅडजस्ट करून घ्यावं. चपलेशी, ओट्याच्या उंचीशी, माणसांशी. त्यात ही सायकलही! दोन वर्षं तिने न बोलता सोसलं आणि आम्ही तिलाच कमी ठरवलं. तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी सायकल गोधड्या वाळवत उभी असेल तर तिच्या मालकिणीला एकदा विचारा, कुठे दुखतं?

परवा बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, तर नणंद सायकलवर बसलेली. म्हणाली, "वहिनी, पिशवी इकडे द्या. आणि काय काय आणायचं ते सांगा."